आचाऱ्याच्या कानातला निरोप

एकदा एक व्यापारी स्थूलपणाने आणि रक्तातल्या साखरेने जेरीस आला. वृद्ध वैद्यांनी त्याला आपल्या शिष्याच्या स्वाधीन केले. शिष्य नुकताच दूरदेशी शिकून परतला होता. त्याच्या औषधाने साखर झरझर उतरली. पण व्यापाऱ्याचे पाय सुजले, वजन वाढले, जिना चढताना धाप लागू लागली.

"साखर अजून थोडी वर आहे, गुरुजी. उद्यापासून मात्रा दुप्पट करतो," शिष्य म्हणाला.



त्या दुपारी व्यापाऱ्याच्या नातवाची मुंज होती. वैद्य आणि शिष्यही जेवायला आले होते. पथ्याची वेळ सांभाळायची म्हणून व्यापाऱ्यालाही पहिल्याच पंगतीला बसवले होते. जेवणे उरकत आली, तसे वैद्य शिष्याला म्हणाले, "ताक राहिलंय. आचाऱ्याला सांग, 'वाढा'. एवढंच सांग."

शिष्याने स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने हाक दिली, "वाढा!"

वाढपी धावले. ताक आले, आणि त्याबरोबर भात, वरण, तूप, जिलेबीही पुन्हा आली.

"अहो, हात आडवा धरलाय, दिसत नाही?" एक पाहुणे करवादले. व्यापाऱ्याच्या पानात चार जिलेब्या पडल्या. तो हसला. "वैद्यबुवा, हुकूम तुमचाच हं."

वैद्य उठले, आत गेले आणि आचाऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "ताकापुरतं." दुसऱ्या फेरीला फक्त ताक आले.

शिष्य गोंधळून पाहत होता.

"अरे, पेशीच्या केंद्रकात असाच एक आचारी बसलेला असतो," वैद्य म्हणाले. "तुम्ही त्याला ग्राही म्हणता, म्हणजे निरोप घेणारा. साखर वापरायची, चरबी साठवायची, पाणी धरून ठेवायचं, सगळी पातेली त्याच्या शब्दावर हलतात. तुझं औषध त्याच्या कानात ओरडतं. साखर उतरते ती त्या आरोळीनं, आणि पाय सुजतात तेही तिच्यानंच. आता तू आवाज दुप्पट करणार होतास. आचारी तोच राहू दे. निरोप नेमका हवा."

"तसं औषध आहे, गुरुजी?"

"मनासारखं अजून नाही. ते शोधायलाच तू परत आलास ना? तोवर हे औषध थांबव. साखरेचा दुसरा उपाय करू. आणि त्यांच्या पानातल्या जिलेब्या इकडे दे."

शिष्याने जिलेब्या उचलल्या. मग तो व्यापाऱ्यापुढे बसला आणि त्याच्या घोट्यावर बोट दाबले. खड्डा पडला, तो बराच वेळ भरला नाही.

साखर तो रोज पाहत आला होता. पायांना हात मात्र त्याने आज प्रथमच लावला.