शपथेच्या जिलब्या

चूक खासदार विश्वंभररावांचीच. अन्न वाया घालवणाऱ्याला दंड करणारं विधेयक त्यांनी दिल्लीत मांडलं होतं, आणि जनजागृतीची सुरुवात लेकीच्या लग्नात केली. पानात टाकणाऱ्याचं नाव माइकवर जाहीर होणार होतं. वर स्वतःच जिलबी घेऊन आग्रह करत फिरले. मोठ्यांचे कायदे दुसऱ्यांसाठीच! लेकीची मैत्रीण मृणाल पंगतीत होती; तिने पानावर हात आडवा धरला, तरी "माझी शपथ!" म्हणत त्यांनी चार वाढल्याच.

पंगत उठताना त्याच चार दिसल्या. साहेबांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "नाव सांग, पोरी!"

शेजारी मृणालच्याच होणाऱ्या सासूबाई होत्या.

"खासदार विश्वंभरराव," मृणाल म्हणाली. "काका, मी नको म्हणत होते, तुम्ही वाढलंत. मी हातही लावलेला नाही."

हसत हसत साऱ्या पंगतीने न शिवलेल्या जिलब्या त्यांच्यापुढे सरकवल्या. साहेबांना सतरा खाव्या लागल्या.