चंद्रीने पान्हा चोरला तेव्हा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकतही असत. एकमेकांचं मात्र माणसं तेव्हाही फारसं ऐकत नसत.

डोंगराच्या कुशीत गवळ्यांचं एक गाव होतं. तिथे एक गवळी आपल्या एकुलत्या एका लेकीसोबत राहायचा. लेक लहान असतानाच तिची आई गेली, त्यामुळे पोर वाढली ती गोठ्यातच. म्हशीची शेपटी धरून ती चालायला शिकली, रेडकांच्या अंगाला टेकून झोपली. मोठी झाली तशी सकाळची धार ती काढू लागली आणि संध्याकाळची तिचे आबा. सगळा गाव म्हणायचा, या बापलेकीचा जीव गुरांत आहे.

मग राजाने नदीवरून पाट काढला. पाणी आलं, तसं गायरान नांगराखाली गेलं. शेजाऱ्यांनी एकेक करून गुरं विकली आणि शेती धरली. आबांचा तेवढा गोठा भरलेला राहिला. आता चाऱ्यासाठी गुरांना खिंड चढून पलीकडे न्यावं लागायचं, आणि तिथेही गवत बेताचंच. म्हशींच्या बरगड्या दिसू लागल्या.

लेक खिंडीतून खाली बघायची. घराखालचा जमिनीचा तुकडा पडीक, आणि त्याला खेटून पाट वाहतोय. इथे वांगी किती छान येतील, असं तिला वाटायचं. गुरं नदीपलीकडे आत्याकडे द्यावीत, तिथे कमरेइतकं गवत आहे, आणि आपण इथे मळा करावा. पण हे आबांना सांगायचं कसं? ज्या माणसाने एकेका म्हशीला हौसेने नाव ठेवलं, त्याला गोठा रिकामा करा म्हणायचं? तिची जीभ रेटेना. मग सकाळी धार काढताना ती सगळं चंद्रीच्या कानात सांगायची. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली थोरली म्हैस. ती रवंथ करत ऐकून घ्यायची.

आणि एके दिवशी चंद्रीने पान्हा चोरला. सकाळी लेकीला धार नाही, संध्याकाळी आबांना नाही. रेडकू सोडलं की मात्र त्याच्या तोंडाला फेस येईपर्यंत दूध. आबांनी सरकी चारली, लेकीने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, शेजारीण कास शेकून गेली. चंद्री ढिम्म. बाकीच्या म्हशी उपाशीपोटी आधीच आटत चालल्या होत्या, आणि घर चालत होतं ते चंद्रीच्याच दुधावर.

शेवटी लेक रिकामी चरवी घेऊन तिच्यापाशी बसली. "चंद्रे, का गं अशी छळतीस? आमचं काय चुकलं?"

चंद्रीने मान वळवली. "सकाळी तू येतेस आणि माझ्या कानात रडगाणं गातेस. संध्याकाळी तुझा बाप येतो, तोही तेच करतो. मी म्हैस आहे बाई, ओझ्याचा बैल नाही. एकमेकांचे कान काय पाटात वाहून गेले?"

"आबा रडत्यात? काय म्हनत्यात?"

"त्यालाच विचार. मी चुगल्या करत नाही."

आबा ओसरीवर दावं वळत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. "आबा, मला आता ह्यो गोठा झेपंना. गुरांचे हालबी बघवंनात. आत्याकडं देऊ या त्यांना, अन् खाली मळा करू या."

आबांच्या हातातलं दावं खाली पडलं. झालं, आपण बापाचं मन मोडलं, असं वाटून लेकीने मान खाली घातली.

"पोरी," आबा हळूच म्हणाले, "खिंड चढताना माझं गुडघं रोज रडत्यात. पन तू आईच्या मांडीवर न्हाई, ह्या गोठ्यात वाढलीस. तुझा गोठा मी कसा मोडू? म्हनून ओढत होतो."

"अन् मी तुमच्यासाठी ओढत होते, आबा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग आबांना हसू फुटलं, लेकीलाही फुटलं, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरून आले. किती हलकं वाटलं त्यांना म्हणून सांगू. इतके दिवस उगाच जीव जाळला, असंही वाटलं.

गोठ्यातून चंद्री म्हणाली, "मला तर कुणी विचारलंच नाही. त्या खिंडीला मीही विटले आहे."

आबा स्वतः गुरं आत्याकडे पोचवून आले. निरोप घेताना रडले, पण परतताना गुणगुणत आले. चंद्री आणि तिचं रेडकू तेवढं घरी राहिलं. उकिरड्यात वर्षानुवर्षं साठलेलं शेणखत बापलेकीने त्या पडीक तुकड्यात पसरलं आणि पाटाचं पाणी दिलं. त्या साली वांग्यांनी झाडं वाकली. आबा म्हणायचे, "म्हशी गेल्या, तरी आमचं पोट अजून त्याच भरत्यात."

चंद्री पुन्हा चरवी भरून दूध देऊ लागली, जो बसेल त्याला. तिच्या कानाशी आता कुणी पुटपुटत नव्हतं. धारेच्या वेळी बापलेक तिच्या दोन बाजूंना बसून आपसातच बोलायची, आणि ती मधे उभी राहून निवांत रवंथ करायची.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या माणसासाठी झिजण्याआधी त्याला एकदा विचारावं, कारण न विचारता उचललेलं ओझं दोघांनाही वाकवतं.