मेणाच्या सरदाराचं ताट

एकदा एक फ्रेंच सरदार स्वतःच्याच तेराव्याला जेवायला गेला. वेळेवर गेला, हातपाय धुऊन गेला, आणि भूकही त्याला सपाटून लागली होती. हसू नका. तेरावं हा शब्द आपला, तिकडे त्याला काय म्हणतात ते तिकडच्यांना विचारा. पण जेवण होतं, सुतक होतं, आणि ज्याच्या नावाचं जेवण त्याला बसायला जागा नव्हती, एवढं खरं.

गोष्ट सतराव्या शतकातली. सरदाराचं नाव रेमों. मिसरूड नुकतं राठ होऊ लागलेलं, खांद्यावर रुळणारा उसन्या केसांचा टोप, आणि डोक्यात एकच किडा: आपलं नाव झालं पाहिजे. त्या काळी तिकडच्या थोर घराण्यांतली मुलं युद्धविद्या शिकायला एखाद्या नाणावलेल्या सेनापतीजवळ राहत. रेमोंचा गुरू असाच एक जख्ख म्हातारा होता. उभं आयुष्य किल्ले घेण्यात गेलेलं. एक डोळा तो एका तटाखाली ठेवून आला होता, आणि पाय दुसऱ्या तटाखाली. चौघं जण त्याला खुर्चीत घालून उचलून नेत, तेव्हा तो वाटेत भेटणाऱ्याला म्हणे, "घाबरू नका, अजून नुसता सराव चाललाय." उरलेला एक डोळा मात्र असा खट्याळ की सगळी छावणी त्याला टरकून असे.

तर या दोघांनी एका डोंगरी शहराला वेढा घातला होता. तोफांनी तटाला भगदाड पडलं होतं, पण अरुंद आणि उंचावर. म्हातारा म्हणे, थांबा. तोफा चालू द्या, तट पुरता खाली येऊ द्या. आत खायला काही उरलेलं नाही, ते आपण होऊन शरणागतीचा नगारा वाजवतील.

रेमोंला कुठला धीर! "महाराज, हल्ल्याचा मान मला द्या."

"अरे, त्या भगदाडात अजून शेळीसुद्धा चढायची नाही."

"मग पहिली शेळी मी."

"आणि तुझ्यामागच्या शेळ्या?"

"त्यांना माझ्यामागे मरण्याचा मान मिळेल," रेमों म्हणाला. त्याला ते वाक्य इतकं आवडलं की तंबूबाहेर आल्यावर त्याने ते पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं.

म्हाताऱ्यानं नाही म्हटलं नाही. "बरं तर. उद्या दुपार कलली की चढ. हुकूम तुझा, इशाराही तुझाच. फक्त त्याआधी जेवायला माझ्याकडे ये."

आता एक सांगायचं राहिलं. छावणीत मेणाचे चेहरे आणि हात करणारा एक कारागीर होता. सरदार लोक त्याच्यापुढे बसून आपला चेहरा काढून घेत, त्याला काचेचे डोळे आणि खरे केस लावून गावाकडे पाठवत. रेमोंनंही आल्या आल्या काढून घेतला होता, फक्त गावी धाडायचा राहिला होता. पराक्रम व्हायचा होता, पण पराक्रमी पुरुषाचं तोंड आधीच तयार. आपल्याकडे हार आणून ठेवतात ना, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. हाताचं बोट दिसेना. रेमों एकटाच खंदकातून भगदाड पाहायला पुढे गेला. तटावरून कोणीतरी आवाजाच्या रोखानं बंदूक झाडली. कानाजवळून सूं झालं, मागे आडोशाला रचलेल्या, माती भरलेल्या टोपलीत थप्प झालं. रेमों हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपलं हसू आपल्याला ऐकू आलं नाही. धुक्यात आवाज दबतो, असं मनाशी म्हणत तो माघारी वळला.

म्हाताऱ्याच्या तंबूवरच्या पहारेकऱ्यानं त्याला सलाम केला नाही. तो रेमोंकडे पाहत होता, पण खिडकीतून बाहेर पाहावं तसा आरपार. म्हाताऱ्याचा कुत्रा एरवी शेपटी हलवत अंगावर यायचा. आज त्याने अंग चोरलं आणि खुर्चीखाली जाऊन बसला.

आत भर दिवसा मेणबत्त्या लावल्या होत्या. नगाऱ्यावर काळं कापड. सगळे अंमलदार खाली मान घालून जेवायला बसलेले. आणि रेमोंच्या नेहमीच्या खुर्चीत रेमों बसला होता. त्याचा निळा अंगरखा, त्याचेच केस, त्याचंच नाक. नोकर चांदीच्या घंगाळातून त्याचे मेणाचे हात धूत होता.

"ही काय थट्टा?" रेमों म्हणाला.

कोणी मान वर केली नाही.

पाद्र्यानं अन्नाला आशीर्वाद दिला. नोकरानं मेणाच्या सरदारापुढे रस्सा ठेवला, थोडा वेळ अदबीनं थांबला, आणि भरलेला वाडगा उचलून नेला. मग मांस आलं. कापलं, वाढलं, थांबला, नेलं.

"सुखानं गेला म्हणे," तोफखान्याचा मुख्य म्हणाला.

"जागच्या जागी. शूर होता."

"फार शूर."

"जरासा उतावळा."

"अहो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मी कुठं बोलतोय? मी खरबूज मागतोय. सरकवा इकडे."

"त्याचा पांढरा घोडा कोण घेतंय?"

यावर मात्र सगळ्यांना बोलायला पुष्कळ होतं. रस्सा अजून कोमट होता आणि रेमोंची कीर्ती संपली होती. घोड्याच्या खुरांवर वाद रंगला.

रेमोंनं मेजावर मूठ आपटली. पेले किणकिणले. "तोफा जवळ आल्या वाटतं," मुख्य म्हणाला आणि त्याने फोड तोंडात टाकली. रेमोंनं नोकराचा खांदा धरला. नोकराच्या अंगावर काटा आला. "पडदा लावा रे कोणी," तो पुटपुटला, "गार वारा येतोय."

 रेमोंनं आपली नाडी चाचपली. ती काही सापडेना. तो वाकून मेणाच्या तोंडाजवळ गेला. काचेच्या डोळ्यांत मेणबत्त्या दिसत होत्या, तो स्वतः दिसत नव्हता. आणि मेणाच्या कानाच्या वर, केसांआड, बोट जाईल एवढं गोल भोक होतं. सकाळी जिथून सूं झालं होतं, बरोबर तिथं. त्याने स्वतःच्या कानामागे हात नेला. बोटं ओली झाली. घाम असेल. पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

"सगळे बाहेर जा," म्हातारा म्हणाला. तंबू रिकामा झाला. म्हाताऱ्यानं आपला डोळा सावकाश वळवला आणि थेट रेमोंवर रोखला. "बस, पोरा. गार झालंय, पण खा."

रेमों मेणाच्या सरदाराशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. "महाराज, मी... मी आहे ना?"

"ते दुपार कलेपर्यंत तूच ठरवायचंस." म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "पूर्वी आपल्याकडे राजा गेला की त्याचा मेणाचा पुतळा करून त्याला असंच दोन्ही वेळ वाढीत. ती चाल आज मी तुझ्यापर्यंत खाली ओढली, आणि या सगळ्यांना पढवून ठेवलं. कीर्ती हे असं जेवण आहे, बाळा. ताट भरून येतं आणि भरलेलंच परत जातं, कारण ज्याच्या नावाचं असतं तो जेवायला नसतो. तरी तुझं नशीब थोर, तुझ्यासाठी कोणी मेण तरी वितळवलं. तुझ्यामागून जे चढतील त्यांच्यासाठी कोणी चमचाभर रस्साही वाया घालवणार नाही. मी तुला मनाई केली असती, तर तू मला भित्रा म्हणाला असतास आणि माझ्या माघारी दुसरं भगदाड शोधलं असतंस. म्हणून मनाई नाही. हुकूम अजून तुझाच आहे. जा."

रेमोंनं भाकरी गिळली. ती घशाखाली उतरताना लागली, तेव्हा त्याला जरा धीर आला. जाता जाता त्याने विचारलं, "बाकी सगळं साधलं, पण कानाजवळ ते भोक कोणाला पाडायला सांगितलंत?"

"भोक?" म्हातारा म्हणाला. "कुठलं भोक?"

रेमोंनं मेणाचे केस बाजूला करून दाखवलं. म्हातारा पाहत राहिला. त्याचा खट्याळ डोळा त्या दिवशी पहिल्यांदाच हसला नाही. त्याने छातीवर क्रूस काढला.

रेमों खंदकाकडे निघाला तेव्हाही धुकं हटलं नव्हतं. पुढून कोणीतरी गात होतं. हल्ल्याआधी शिपाई गात नाहीत. तो जवळ आला तसं गाणं मध्येच तुटलं. हल्ल्यासाठी निवडलेले लोक खंदकाच्या भिंतीला टेकून बसले होते, ते धडपडत उठले आणि मागे सरले. मातुरां नावाचा एक वयस्क शिपाई तेवढा जागेवर राहिला, कारण त्याच्या मांडीवर रश्श्याचा टोप होता.

"सरदारसाहेब," तो दबक्या आवाजात म्हणाला, "फार दुखलं का हो?"

"काय?"

"मरताना. मुदपाकखान्यातून निरोप आला ना. मेणाला जेवू घालतायत म्हणून."

म्हाताऱ्याच्या थट्टेची बातमी रेमोंच्या आधी इथं पोचली होती, थट्टा तेवढी मागे राहिली होती. रेमोंला खरं सांगता आलं असतं. पण त्याने विचारलं, "कळल्यावर काय केलंत तुम्ही?"

"रडलो, साहेब."

"आणि मग?"

मातुरांनं बाकीच्यांकडे पाहिलं. "आता मेलेल्याशी खोटं कशाला बोलू? मग कोणीतरी म्हणालं, म्हणजे हल्ला नाही. मग एकानं गाणं धरलं. तो लंगडा तिकडे बसलाय ना, तो तर नाचला. तुमच्यावर राग नव्हता, देवाशपथ. पण संध्याकाळ दिसणार म्हटल्यावर माणसाला आवरत नाही."

लंगडा मान खाली घालून उभा होता. दुपार कलली होती. मागे तोफखान्यापाशी इशाऱ्याची तोफ भरून ठेवलेली. रेमोंनं तलवार उंचावून आरोळी दिली की ती उडायची होती.

सवयीनं त्याचा हात मुठीवर गेला.

सगळ्यांनी ते पाहिलं.  त्या काळचे शिपाई हल्ल्यात बंदूक झटपट भरता यावी म्हणून शिशाच्या गोळ्या तोंडात धरत. एकेकानं मुकाट्यानं कमरेच्या पिशवीत हात घातला, आणि धुक्यात तो बारीक आवाज सुरू झाला. दातांवर शिसं वाजल्याचा. इथून, तिथून, जिथे माणूस दिसत नव्हता तिथूनही. मातुरांनं टोप खाली ठेवला, ओठ पुसले आणि गोळी तोंडात घेतली. आता त्याला बोलता येणार नव्हतं. तो फक्त रेमोंकडे पाहत होता, आणि या वेळी आरपार नव्हे.

रेमोंनं मुठीवरून हात काढला. कमरेचा पट्टा सोडला आणि तलवार म्यानासकट भिंतीला टेकवून ठेवली.

"थुंका," तो म्हणाला. "गोळ्या थुंका सगळे. तट पुरता पडेपर्यंत कोणी चढायचं नाही."

कोणी हललं नाही. मेलेल्या सरदाराचा हुकूम मानायचा असतो की नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मग रेमों चिखलात फतकल मारून मातुरांशेजारी बसला आणि म्हणाला, "मेलेल्याला तुमच्यात रस्सा देतात का रे?"

मातुरांनं गोळी हातावर घेतली. टोपातला पळा भरून पुढे केला. रेमोंनं फुंकर न घालता घोट घेतला, त्याची जीभ पोळली आणि डोळ्यांत पाणी आलं. मातुरां ते निरखत होता. मग त्याने भीत भीत एक बोट पुढे केलं, सरदाराच्या मनगटावर टेकवलं, जरा दाबलं, आणि मागे वळून धुक्यातल्या सगळ्यांना सांगितलं:

"गरम आहे रे!"