तात्यांच्या मते नेट चालू

उद्या सकाळी दहाला आमच्या लेकीची, रेवतीची, नोकरीची मुलाखत, तीही नेटवरून, आणि आमचं नेट आठवडाभर बंद! मोबाइलवर भागवावं, तर आमच्या गल्लीत गच्चीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे दुरुस्तीचा मान माझा. राउटर बंद करून चालू केला, उलटा केला, कपाटावर ठेवला. दसऱ्याला वाहिलेल्या झेंडूची पाकळी आत गेलीय का, तेही पाहिलं. शेवटी बायकोने माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला.

मग रेवतीला घेऊन तात्या शिंगोट्यांना फैलावर घ्यायला निघालो. गावभर नेट त्यांचंच, त्यामुळे राज्यही त्यांचंच. ऑफिसात तात्यांनी कंप्युटरकडे बोट दाखवलं. "सर, तुमच्या नावापुढं हिरवा दिवा हाय. म्हंजे नेट चालू. बिघाड तुमच्या घरात."

मी त्यांचा चहा प्यायलो, आभार मानले आणि उठलो. रेवती उठली नाही.

"काका, आमचं नेट नक्की चालू आहे ना?"

"एकदम झकास."

"मग उद्या दहाला तुम्ही आमच्या घरी बसा. मी तुमच्या खुर्चीत बसून मुलाखत देते. जर्मनीतल्या नातवाशी दहालाच बोलता ना? आमच्याकडून बोला."

ऑफिसात गिऱ्हाइकांची गर्दी. नाही म्हणावं, तर नेट बंद असल्याची कबुलीच. तात्या हट्टाला पेटले. "येतो की!"

सकाळी तात्या आमच्या सोफ्यावर. नातू काही दिसेना, नुसतं चक्र फिरतंय. त्यांनी राउटर बंद करून चालू केला, उलटा केला. मला इतकं बरं वाटलं, की मीच त्यांना कपाटावरची जागा सुचवली. अखेर माझ्यासोबत गच्चीवर चढून त्यांनी स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला. मुलाखत नुकतीच आटोपली होती. फोन रेवतीने घेतला.

"अगं, हितं नेट न्हाई. माणूस पाठव."

"काका, इथून तर दिवा हिरवाच दिसतोय. बाबांना विचारा, ते विज्ञान शिकवायचे."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याच्या टाकीला धरून हसत सुटले. अर्ध्या तासात त्यांच्या माणसांनी खांबावरची तुटलेली तार जोडली. तेवढ्यात रेवती नोकरी पक्की झाल्याचं सांगत घरी आली.

"पोरी, वर्षभर नेट फुकट तुला," तात्या म्हणाले.

"फुकट नको काका. फुकटच्या नेटची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?"

तात्या पुन्हा खो खो हसले आणि त्यांनी तिला स्वतःचा घरचा नंबर दिला. मला कोणी विचारलंच नाही. मी तर फुकट घेऊन मोकळा झालो असतो.