पुढच्या गाडीचा काजवा

एका डोंगरउतारावर दाट जंगल होते. तिथे एक तरुण खार राहत असे, आणि मुलांनो, ती नुकतीच गाडी चालवायला शिकली होती. त्या जंगलातल्या गाड्या लाकडाच्या, पायडल मारून चालवायच्या. प्रत्येक गाडीच्या मागे एक काजवा बसलेला असे, म्हणजे मागून येणाऱ्याला गाडी दिसावी. रस्ता मात्र घाटाचा होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. रस्त्याची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या अस्वलाने खारीची परीक्षा घेतली, तेव्हा तिने सगळे नियम एका दमात म्हणून दाखवले. डाव्या बाजूने जावे, वळणावर हाक द्यावी, चढ चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, पुढच्या गाडीपासून अंतर राखावे. अस्वल खूश झाले. धुके पडले तर गाडी हळू घे आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या दगडांवर नजर ठेव, एवढे त्याने जाता जाता बजावले. दगड बघत कोण जाते, भित्रेच जात असतील, असे खारीला वाटले.

एके दिवशी अगदी सकाळी शेजारची उंदरीण तिच्याकडे आली. उंदरिणीच्या बिळात पाणी शिरले होते आणि तिला आपली तीन पिल्ले घेऊन खालच्या रानात बहिणीकडे जायचे होते. पिल्लांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. खारीने मऊ गवताची टोपली गाडीत नीट ठेवली. उंदरीण आपले शेपूट टोपलीभोवती गुंडाळून बसली आणि म्हणाली, "पोरी, माझे सगळे घर या टोपलीत आहे. जपून ने."

निघाल्यावर थोड्याच वेळात दरीतून धुके वर आले. आधी झाडांची खोडे गेली आणि नुसते शेंडे हवेत तरंगू लागले. मग शेंडेही गेले. कुठला तरी पक्षी बोलला, पण तो वर बोलला की खाली ते कळेना. पाण्याचा आवाज जवळ येई आणि दूर जाई. सगळे जंगल झोपेत चालल्यासारखे वाटत होते. पांढऱ्या दगडांतला एखादा मधेच दिसे आणि विरून जाई. खार मनातून घाबरली होती, पण तसे सांगायची तिला लाज वाटली.

इतक्यात पुढे एक हिरवट ठिपका लुकलुकला. ती साळिंदराची गाडी होती. साळिंदर या घाटात जन्मभर गाडी चालवत आले होते. खारीचा जीव भांड्यात पडला. तिने पायडल जोरात मारले आणि त्या ठिपक्याच्या अगदी मागे गाडी लावली. इतके जवळ कशाला, असे उंदरिणीने विचारले.

"मावशी, मागे राहिले तर दिवा दिसेनासा होतो. रस्ता त्यांना पाठ आहे. ते रस्ता बघतील, मी त्यांना बघते."

ठिपका वळला की खार वळे, हळू झाला की हळू होई. किती छान चालले होते! वर नाही, खाली नाही, फक्त एक हिरवा उजेड आणि त्याच्यामागे आपण. पिल्ले श्वास घेत होती. ठिपका डावीकडे वळला, खारही वळली. क्षणभर तो थांबल्यासारखा झाला, मग अलगद वर उचलला जाऊन तरंगत पुढे निघाला. खार त्याच्या मागोमाग निघाली.

तेवढ्यात उंदरीण म्हणाली, "अगं, चाकांचा आवाज का येत नाही?"

खारीने कान दिले. खरेच की! खडीची खरखर थांबली होती. चाकांखाली नुसते गवत होते. तिने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. गाडी घसरली, डुगडुगली आणि थांबली. पुढच्या चाकाजवळचा एक दगड सुटून खाली गेला. तो कुठे आपटल्याचा आवाज आलाच नाही.

खारीने धुक्यात ओरडून त्या दिव्याला विचारले, "आम्हाला इथे कुठे आणलेस?"

काजवा हवेतच वळला. दरीवर तरंगत तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे आणले? साळिंदराची गाडी बाजूला त्याच्या अंगणात लागली, माझे काम झाले. मी पलीकडच्या झाडावर माझ्या घरी निघालो होतो. तुम्ही माझ्या मागे का आलात?"

खार गाडीतून उतरली. उंदरिणीने टोपली पोटाशी धरली होती. खारीने तिची माफी मागितली, तेव्हा ती रागावली नाही, पण म्हणाली, "मला भीती वाटली होती पोरी, आणि तुला पण वाटली होती. तसे सांगितले असतेस तर आपण थांबलो असतो."

दोघींनी मिळून गाडी मागे ढकलली. चाके खडीवर लागून खरखरली, तेव्हा तो आवाज खारीला गोड लागला. मग ती कडेचा एक दगड दिसला की तेवढेच पुढे जाई, दुसरा दिसेपर्यंत थांबे. उतार संपता संपत नव्हता. मधेच एक पिल्लू जागे झाले, चुळबुळले आणि पुन्हा झोपले.

शेवटच्या वळणाजवळ मागून पायडलांचा आवाज आला. कुणीतरी नवखे भरभर जवळ येत होते, अगदी तिच्या काजव्याला नाक लावून. खारीने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून हाक दिली.

"दादा, जरा मागे राहा. माझ्या दिव्याकडे नको, रस्त्याकडे बघ. मी माझ्या वाटेने चालले आहे."

तात्पर्य : पुढच्या गाडीचा दिवा ती गाडी कुठे आहे एवढेच सांगतो, आपला रस्ता कुठे आहे हे आपणच बघावे लागते, आणि दिसत नसेल तर वेग कमी करावा लागतो.