परात आणि ठिगळ

सुलभा तांबट हायवेलगत गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. एकदा पोल्ट्रीवाले घोरपडेसाहेब मालाची व्हॅन घेऊन आले. पत्र्याच्या खडखडाटाने कोंबडीची पिल्लं घाबरायची, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढायची आणि दर फेरीला वीसेक गुदमरून मरायची.

"आतून सगळीकडे वीतभर जाड फोम लाव," साहेबांनी फर्मावलं. "मी इंजिनिअर आहे, मला शिकवू नकोस."

सुलभाने बापाने घडवलेली तांब्याची परात दोरीला टांगली, मागे फोम उभा केला आणि ठोका दिला. परात घुमतच राहिली. मग तिने फोम काढून परातीच्या मधोमध तळहाताएवढी डांबरी पट्टी चिकटवली आणि पुन्हा ठोकलं. नुसतं 'ठप्प'!

"अख्ख्या गाडीला असली ठिगळं?" साहेब गुरगुरले.

"देवळातली घंटा थांबवायला तिला कुणी गोधडी पांघरत नाही, साहेब. बोट लावतात."

बोटाने ठोकत, कान लावत, जिथे पत्रा घुमेल तिथेच तिने पट्ट्या लावल्या. मग पिल्लं भरून, साहेबांना शेजारी बसवून व्हॅन खडीच्या रस्त्यावर काढली. साहेब दचकले.

"हा बारीक आवाज कसला?"

"पिल्लांचा, साहेब. रोजच ओरडत होती ती."