बोर्ड गेला, भन्ते

“...म्हणजे आता हे यंत्र संपलंच म्हणायचं?”

“संपलंच, भन्ते. मदरबोर्ड गेलाय.”

निरंजन तिरपुडेने हे वर न बघताच सांगितलं आणि हात रुमालाला पुसले. आता यात करण्यासारखं काही उरलं नाही, अशा रीतीने पुसले.

वैनगंगेच्या काठी एका टेकडीवर लहानसं विहार आहे. त्याच्या ओसरीत चटईवर तो जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता. पत्रा एकीकडे, पंखा एकीकडे, वायरी सगळ्या उपसलेल्या. भन्ते धम्मकेतू दाराशी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे. त्यांनी मान हलवली आणि ते आत निघून गेले.

निरंजनला वाटलं होतं, कसं ओळखलंस, असं तरी विचारतील. विचारलं असतं तर त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं असतं.

नागपुरात हार्डवेअर शिकवणाऱ्यांत त्याचं नाव होतं. बंद पडलेल्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून निरंजन सर दुखणं सांगतात, असं त्याचे विद्यार्थी म्हणत. आधी तो त्यावर हसायचा. पुढे पुढे त्यालाही ते खरं वाटू लागलं.

वर्षभर तो सुट्टीच्या दिवशी या टेकडीवर यायचा, ध्यान शिकायला. भन्ते त्याला श्वास बघायला सांगायचे. त्यापुढे काही नाही. श्वास बघून झाला, आता पुढचं सांगा, असं त्याने एकदोनदा म्हणून पाहिलं. भन्ते म्हणायचे, झाला का बघून? बरं. मग पुन्हा बघ.

त्या पौर्णिमेला मात्र भन्तेंनीच त्याला बोलावून घेतलं होतं.

दर पौर्णिमेला डॉक्टर साखरवाडे बाई विहारात येत आणि आसपासच्या गावांतल्या मुलांचे कान तपासत. तपासणीचे स्वर काढणारं कार्ड त्या जुन्या कॉम्प्युटरात बसवलेलं होतं. नव्या कॉम्प्युटरात ते बसत नव्हतं, आणि दुसरं यंत्र घेण्याची विहाराची ऐपत नव्हती. म्हणून ते म्हातारं यंत्र जिवापाड जपलेलं. त्या सकाळी बटण दाबलं तर पडदा काळा, आणि आतून लांबलचक शिट्ट्या.

मेमरीची तक्रार आहे, हे निरंजनने पायऱ्या चढता चढताच सांगितलं. आतली रॅमची पट्टी काढून बाजूला टाकली आणि स्वतःची लावली. कुठल्याही यंत्राची परीक्षा तो याच पट्टीने घ्यायचा. ती त्याची खात्रीची होती.

शिट्ट्या तशाच.

पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. तशाच. पॉवर सप्लाय बदलला, सगळी कार्डं काढली, अगदी गरजेपुरतं तेवढं ठेवलं. शिट्ट्या काही थांबेनात. पट्टी खात्रीची, वीज खात्रीची. मग उरला कोण? बोर्ड.

हे सगळं पायरीवर बसलेली एक बाई बघत होती. रत्नमाला तिचं नाव. सहा वर्षांच्या लेकीला, सांचीला घेऊन ती भल्या पहाटे नदीपलीकडच्या गावाहून निघाली होती. मदरबोर्ड म्हणजे काय, हे तिला कळलं नाही. आज तपासणी नाही, एवढं कळलं. पुढच्या पौर्णिमेला होईल का, असं तिने निरंजनला विचारलं. असले बोर्ड आता मिळत नाहीत, आशा ठेवू नका, असं त्याने सांगून टाकलं.

ती लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली...

मग हळूच म्हणाली, “आयकत नाही म्हणून मारलं जी मी हिले. लय मारलं. मंग एक दिवस मनात आलं, हिले आयकूच येत नसंल तर?”



तेवढ्यात भन्ते झाडू घेऊन बाहेर आले. ओसरीच्या टोकापासून झाडत झाडत चटईपर्यंत पोचले. वाकून त्यांनी निरंजनची हत्यारांची पिशवी उचलली, पायरीवर नेऊन ठेवली, आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

सांची उन्हातून चालून दमली होती. पिशवी शेजारी आली तशी तिने तिच्यावर डोकं टेकलं आणि ती झोपून गेली.

इकडे आवराआवर करायची म्हणून निरंजनचा हात सवयीने पिशवीकडे गेला. तिथे झाडलेली जमीन होती. तो पिशवी आणायला उठला, पायरीपर्यंत गेला... आणि पोरीला उठवणं त्याच्या जिवावर आलं. परत येऊन चटईवर बसला.

कधी नव्हे ते त्याला करण्यासारखं काही नव्हतं, आणि सांगण्यासारखंही. समोर होता तो फक्त उघडा कॉम्प्युटर, आणि सकाळी काढून बाजूला टाकलेली त्यातली ती जुनी पट्टी.

त्याने ती उचलली. नुसती हातात धरून बसला. उजेडाकडे धरली.

पट्टीच्या, खाचेत बसणाऱ्या पिवळ्या दातांवर काळसर थर चढला होता. नदीकाठचं दमट वारं, वर्षानुवर्षांचं. शिकायला आलेल्या पोरालाही दिसावा इतका जाड थर. सकाळी तो दिसला नव्हता, असं नाही. निरंजनने बघितलंच नव्हतं. हाताशी चांगली पट्टी असताना जुनीकडे बघायचं कशाला?

खिडकीत विहारात भरणाऱ्या मुलांच्या वर्गातले खोडरबर पडले होते. त्यातला एक घेऊन तो सावकाश दात घासू लागला. एक बाजू. मग दुसरी. काळपट निघालं, खालचा पिवळा रंग वर आला. फुंकर मारली. खाचेतली आपली पट्टी काढून चटईवर ठेवली, तिच्या जागी ही बसवली, दोन्ही टोकांना खटका लागेपर्यंत दाबली. पंखा, वायरी, तपासणीचं कार्ड, सगळं जागेवर लावलं.

बटण दाबलं.

एक शिट्टी झाली. एकच, आणि आखूड.

मग पडद्यावर उजेड आला.

वर्गात असं झालं की विद्यार्थी टाळ्या वाजवायचे. इथे सगळं शांत होतं. झाडूचाही आवाज थांबला होता. निरंजन त्या उजेडाकडे असा बघत होता, जणू दिवा लागताना जन्मात पहिल्यांदा बघतोय.

मग त्याच्या मनात काही आलं. त्याने यंत्र बंद केलं, जुनी पट्टी काढली, चटईवर पडलेली आपली खात्रीची लावली.

लांबलचक शिट्ट्या.

पुन्हा जुनी लावली. एक आखूड शिट्टी, आणि उजेड.

बोर्ड तर ठणठणीत होता. तुमसरकडच्या एका शाळेत मागे याच पट्टीच्या साक्षीवर त्याने संगणकांची अख्खी रांग भंगारात काढायला सांगितली होती. “नक्की ना, सर?” असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. नक्की, असं तो म्हणाला होता. ही पट्टी कधीपासून अशी आहे? ...कळायला मार्ग नव्हता. तिला कधी कुणी तपासलंच नव्हतं.

दुपारी डॉक्टर बाई आल्या. सांचीला उठवून खुर्चीवर बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, हे बाईंनी खुणेने समजावलं. ओसरीत माणसं होती, पण सगळे श्वास धरून बसले होते.

बाईंनी पहिला स्वर सोडला. सांची तशीच बसून राहिली.

थोडा मोठा सोडला. काही नाही.

आणखी मोठा... रत्नमालाने पदर तोंडात धरला.

आणखी मोठा...

पोरीचं बोट हललं. मग सावकाश वर आलं.

ती डोळे विस्फारून समोर बघत होती, आणि बोट खाली घ्यायचं विसरून गेली होती. बाईंनी दोन्ही कान तपासले. दोन्हींत थोडं थोडं ऐकू येतंय, कानाला यंत्र लावलं की पोर शाळेत शिकेल, असं त्या म्हणाल्या. मग आवाज वाढवून त्यांनी माइक रत्नमालाच्या हातात दिला. बोला तिच्याशी, म्हणाल्या.

रत्नमालाला पुष्कळ बोलायचं असणार. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. “सांची...”

पोरीने दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले. मग ती वळली, आणि आईच्या ओठांकडे बघत राहिली.

निरंजन भिंतीला पाठ लावून उभा होता. आपण श्वास धरून ठेवलाय, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. मग तो सोडला. तो जाताना त्याने बघितला.

माणसं पांगल्यावर तो भन्तेंपुढे गेला. तीनदा वाकून वंदन केलं. तिसऱ्या वेळी त्याचं डोकं जमिनीवरून लवकर उठलं नाही.

“भन्ते, दोष माझ्याकडच्या वस्तूत आहे, हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला?”

“तुम्ही माझी पिशवी उचलून नेलीत.”

“तिथं झाडायचं होतं,” भन्ते म्हणाले.

निरंजन त्यांच्याकडे बघत राहिला. ते थट्टा करत नव्हते...

खाली नदीवर कुणीतरी होडी पाण्यात ढकलत होतं, त्याचा आवाज येत होता.

शेवटी निरंजनने खिशातून आपली पट्टी काढली. तिच्याकडे बघायलाही त्याला नको वाटत होतं.

“ही जाता जाता नदीत फेकून देतो.”

भन्तेंनी हात पुढे केला. पट्टी घेतली, एखादं पान बघावं तशी दोन्ही बाजूंनी निरखली, आणि परत त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

“फेकू नकोस,” ते म्हणाले. “तपासलेली, खात्रीची अशी तेवढी एकच वस्तू आहे तुझ्याजवळ.”